पायाने वाजणारा ढोल



मागच्या प्रभागसंघाच्या सभेत आमच्या भजनी मंडळाने दोन अभंग म्हटले. सभा संपल्यावर चहा घेताना कितीतरी जणींनी एकच विचारलं, "आक्कांच्या पायाखाली ते खोकं कसलं हो?" एकीला वाटलं आत स्पीकर आहे. एकीला वाटलं मोबाईल लावून ठेवलाय. आत काहीच नाही, नुसती हवा आहे. ते लाकडाचं खोकं आहे आणि आक्का ते पायाने वाजवतात. कसं केलं, खर्च किती आला, आमच्याकडे होईल का, असे फोन अजून येतात. म्हणून संपादकताई म्हणाल्या, एकदाचं लिहूनच टाका.

आधी हे करायची पाळी का आली ते सांगते.

आक्का आमच्या मंडळाच्या ढोलकीवाल्या. गट स्थापन झाला त्याच्याही आधीपासून त्या वाजवतात. दोन वर्षांपूर्वी कडबा कुट्टी करताना त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, अंगठ्याशेजारचं आणि मधलं. पेंढी अडकली म्हणून हाताने ढकलायला गेल्या. (बायांनो, पेंढी ढकलायला दांडकं घ्या, आणि अडकलं तर आधी मोटार बंद करा. मी दर बैठकीत सांगते, इथेही सांगते.) जखम भरली, कामंही हळूहळू जमायला लागली, पण ढोलकी सुटली. शाईच्या बाजूचं सगळं काम त्या बोटांचं. डाव्या हाताने घुमारा निघतो, पण नुसत्या घुमाऱ्यावर अभंग चालत नाही, आणि ढोलकी मांडीवर धरायलाही दोन हात लागतात.

मग आम्ही शेजारच्या गावातून ढोलकीवाला बोलवायला लागलो. मंडळाला एका कार्यक्रमाचं मानधन दीड हजार, त्यातले पाचशे त्याचे आणि वर जाण्यायेण्याचा खर्च. तेही चाललं असतं. पण लग्नसराईत तो येईना. दोन ठिकाणी सुपारी घेऊन आम्हाला नाही म्हणावं लागलं, एका ठिकाणी नुसत्या टाळांवर वेळ मारून नेली. आक्का यायच्या, पण मागे भिंतीला टेकून बसायच्या. टाळ दिला तरी घ्यायच्या नाहीत.

माझ्या भाच्याने एकदा मोबाईलवर एक गोरा माणूस दाखवला. एकटाच गिटार वाजवत गात होता आणि पायाने एका लाकडी खोक्यावर ठेका देत होता. आम्ही हसलो. घरी आल्यावर मात्र मला ते खोकं डोळ्यांसमोरून जाईना.

नंतर भाच्याकडूनच कळत गेलं की ही काही आजची टूम नाही. अमेरिकेत जेसी फुलर नावाचा एक काळा गायक होता. रेल्वेत, जहाजाच्या गोदीत मजुरी करून पोट भरायचा. साथीला भरवशाची माणसं मिळेनात, तेव्हा साधारण १९५० नंतर त्याने स्वतःच एक उभं लाकडी खोकं केलं, त्याला जाड तारा लावल्या आणि पायाखालच्या पट्ट्यांनी हातोड्या हलवून त्या तारा वाजवायला लागला. हाताने गिटार, तोंडापुढे बाजा, एका पायाने हे खोकं, दुसऱ्या पायाने झांजा. साथीदार मिळत नाहीत हे दुखणं तिकडेही होतं, हे कळल्यावर मला जरा बरं वाटलं. त्याच्या आधी, १९४८ साली, जॉन ली हूकर या गायकाचं गाणं डेट्रॉइट शहरात रेकॉर्ड झालं. त्यात नुसती गिटार, गळा आणि लाकडी फळीवर पडणारा त्याचा पाय आहे. ते गाणं तिकडे खूप गाजलं.

दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाची गोष्ट आणखी जुनी. तिथे आफ्रिकेतून आणलेले गुलाम होते. त्यांनी मालाची रिकामी खोकी आणि कपाटांचे खण बडवून आपला ताल धरला. त्यातूनच 'काहोन' नावाचं वाद्य झालं. काहोन म्हणजे खोकंच. वाजवणारा त्यावर बसतो आणि पुढच्या पातळ फळीवर हाताने वाजवतो. २००१ मध्ये पेरू सरकारने त्याला राष्ट्राचा सांस्कृतिक वारसा म्हणून मान दिला. आमचं खोकं म्हणजे या काहोनचीच आडवी पाडलेली धाकटी बहीण म्हणा.

नावाचा घोळ झाला. 'पेटी' म्हणावं तर आपल्याकडे पेटी म्हणजे हार्मोनियम. 'पायपेटी' म्हणावं तर ते नाव जुन्या संगीत नाटकांतल्या पायाने भाता मारायच्या पेटीचं. शेवटी पोरांनी 'पायढोल' म्हणायला सुरुवात केली, तेच चाललंय.

आता एक अवघड गोष्ट. खोकं तयार व्हायच्या आधीच गावात प्रश्न आला, वाद्याला पाय कसा लावायचा? आपण ढोलकीला चुकून पाय लागला तरी हात लावून नमस्कार करतो. देवळातल्या एका बुवांनी स्पष्ट सांगितलं की हे बरं दिसत नाही. त्यांचं मी चूक म्हणणार नाही, आपल्याला तसंच शिकवलंय. पण आमच्या मंडळातल्या थोरल्या काकूंनी विचारलं, "वासुदेव पायात घुंगरं बांधून देवाचं नाव घेतो, ते चालतं ना? पायपेटीचा भाता पायानेच मारायचे ना?" बुवा म्हणाले, घुंगरू पायात असतं, पायाखाली नसतं. यावर काकूंकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नाही. आम्ही एवढं केलं की पायढोल गाभाऱ्यासमोर ठेवत नाही, सभामंडपाच्या कडेला ठेवतो, आणि पाय ठेवायच्या आधी आक्का वाकून त्याला हात लावतात. बुवा अजून नाराजच आहेत. तुमच्या गावात देवळात नेणार असाल तर आधी चार थोरांशी बोलून घ्या, मागून वाद नको.

आता आवाज कसा निघतो ते बघू. हे कळलं नाही तर सुतार तुम्हाला छान मजबूत पाट करून देईल आणि तो पाटासारखाच वाजेल. आमचं पहिल्यांदा तसंच झालं.

पितळी घागर नळाखाली लावली की आवाज ऐकलाय ना? सुरुवातीला 'डुब डुब' असा जाड आवाज, आणि घागर भरत आली की बारीक होत जातो. वरच्यावर उठून बघावं लागत नाही, कानालाच कळतं की भरत आली. पाणी वर येतं तशी आतली हवा कमी होते आणि आवाज चढतो. खोक्याचंही तसंच. आत हवा जास्त तर आवाज खालचा, हवा कमी तर वरचा. महालक्ष्मीपुढे घागर फुंकतात तेव्हा जो घुमतो, तो त्या हवेचाच आवाज.

दुसरी गोष्ट वरची फळी. आपला पाय पडतो ती फळी थरथरली पाहिजे. पातळ फळी थरथरते, जाड फळी नुसती 'टक' म्हणते. थरथरली की ती आतली हवा ढकलते आणि ती हवा भोकातून बाहेर येते. म्हणून एक भोक लागतं. भोक मोठं केलं की आवाज मोठा होईल असं सगळ्यांना वाटतं, आमच्या सुतारमामांनाही वाटलं होतं. पण भोक फार मोठं केलं की आवाज वर चढतो, घुमारा जातो. वाटीएवढं पुरे, ताटलीएवढं नको.

आणि तिसरी गोष्ट, बाजू. चारी बाजू जाड आणि पक्क्या हव्यात. त्या हलल्या तर फळीचा जोर तिकडेच वाया जातो. ढोलकीचं कसं असतं? खोड जाड, कातडं पातळ. तेच इथे.

आमचं पहिलं खोकं सुतारमामांनी उरलेल्या १२ एमएम प्लायचं केलं, सगळ्या बाजू सारख्याच. आक्कांनी पाय मारला, तर माझी सासू आतून म्हणाली, "बघा गं, दार कोण वाजवतंय." इतकं हसलो की आक्काही हसल्या. ते खोकं आता अंगणात पाणी भरताना पाय ठेवायला आहे.

दुसरं जमलं. त्याचीच मापं देते. लांबी १६ इंच, रुंदी १२ इंच, उंची ५ इंच. लांबी पायाच्या दिशेने धरायची. टाच अलीकडच्या कडेवर टेकली की पायाचा पुढचा भाग, बोटांच्या मागचा गादीसारखा भाग, बरोबर फळीच्या मधे पडतो. मधे पडला की 'धुम्म' असा आवाज निघतो, कडेला पडला की 'टक'. तुमचा पाय फार लहान किंवा मोठा असेल तर एखादा इंच कमीजास्त करा, बाकी काही बिघडत नाही.

चारी बाजूंना पाऊण इंच जाडीचं लाकूड. जुन्या दाराच्या चौकटीचं, पलंगाच्या फळ्यांचं, कुठलंही चालेल, पण वाळलेलं हवं. ओल्या लाकडाचं केलंत तर दोन महिन्यांत सांधे उघडतात. सागवानच पाहिजे असं काही नाही, आमच्या खोक्याला कडुनिंबाच्या जुन्या फळ्या लागल्यात. भुंग्याने पोखरलेलं मात्र घेऊ नका. वरची फळी ६ एमएम प्लाय. ४ एमएमचा आवाज आणखी मोकळा येतो, पण आपल्या घरात पोरं असतात, एखादं वर चढून उडी मारणारच. सुतारमामांनी तिथेच नको म्हणून सांगितलं. खालची फळीही ६ एमएमच घेतली.

आतून चारी कोपऱ्यांत लाकडाचे गुटके आणि वरच्या-खालच्या कडांना बारीक पट्ट्या लावायच्या, म्हणजे फळी चिकटायला जागा मिळते. टाच टेकते त्या बाजूला आतून एक जास्तीची रुंद पट्टी द्या, सगळा भार तिथे येतो. भोक टाचेच्या समोरच्या बाजूला, म्हणजे ऐकणाऱ्यांकडे तोंड करून. तीन इंच व्यासाचं. सुताराकडे गोल करवत नसेल तर पेन्सिलीने गोल काढून त्यावर ड्रिलने जवळजवळ भोकं पाडायची, मधला तुकडा ठोकून काढायचा आणि कानस मारायची. भोक बाजूच्या अंगाला ठेवू नका. साडीच्या निऱ्या त्यावर पडतात आणि आवाज बसतो. हे आम्हाला पहिल्याच कार्यक्रमात कळलं, नशिबाने आमचं भोक समोर होतं, पण आक्कांनी खोकं फिरवून ठेवलं होतं.

जोडताना फेव्हिकॉल भरपूर लावा, सांध्यातून थोडा बाहेर आला पाहिजे, तो ओल्या फडक्याने पुसायचा. नुसते खिळे नकोत, स्क्रू हवेत. स्क्रूच्या आधी बारीक ड्रिल मारायचं, नाहीतर लाकूड चिरतं. मग दाब द्यायचा. सुताराकडे शिकंजे असतात, आमच्या मामांकडे दोनच होते. म्हणून आम्ही खोकं रात्रभर घरी ठेवलं आणि वर पाटा, वरवंटा आणि पाण्याने भरलेले दोन हंडे ठेवले. सकाळी असं बसलं होतं की सांधा बोटाला लागत नव्हता.

वरच्या फळीचे स्क्रू लाकडात बुडले पाहिजेत. आपण अनवाणी वाजवतो, देवळात चप्पल कुठली. डोकं वर राहिलं की तळव्याला लागतं. प्लायच्या कडेची कूस पायात जाते, म्हणून कडा गोल करून घ्या. आधी ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०, मग २२०, हात फिरवून बघा. वॉर्निशचे दोन पातळ हात पुरे. जाड ऑइलपेंट मारू नका, फळी जड होते. आमच्या पोरींनी वर वारली चित्रं काढायची टूम काढली होती, त्यांना म्हटलं बाजूंवर काढा, वर पाय घासून महिन्याभरात जाईल.

खाली चार कोपऱ्यांना जुन्या टायरच्या रबराचे तुकडे. हे विसरू नका. त्याने दोन कामं होतात, खोकं फरशीवर सरकत नाही आणि जमिनीपासून सुटं राहून मोकळं वाजतं.

इतकं करूनही आमच्या खोक्यातून 'झर्रर्र' असा आवाज यायचा, झाकण सैल झालेल्या डब्यासारखा. मामांनी दोनदा घरी नेलं. शेवटी आक्कांनी शोधलं. एका बाईने हळूहळू वाजवत राहायचं आणि दुसरीने हाताने एकेक कोपरा, एकेक सांधा दाबत जायचा. जिथे दाबल्यावर झरझर थांबते तिथे फट आहे. आमची खालच्या फळीला निघाली, जेमतेम नखाएवढी. त्यात लाकडाचा भुसा आणि फेव्हिकॉल कालवून भरलं, गेली.

झणकार हवा असेल तर फुटक्या खंजिरीच्या चकत्या एका पट्टीवर खिळ्याला सैल अडकवून ती पट्टी बाजूला लावता येते. आम्ही लावली होती, काढून टाकली. टाळ असताना तो आवाज जास्त होतो. ज्या एकट्या गातात त्यांना बरी.

खोकं झालं, पण लगेच कार्यक्रमाला नेऊ नका. हात तालात आहे म्हणून पाय तालात असतो असं नाही. आक्कांची सगळी हयात ढोलकीत गेली, तरी त्यांना महिना लागला.

पहिलं म्हणजे बसायचं कसं. मांडी घालून बसणारीला हे वाद्य उपयोगाचं नाही, खुर्ची लागते. आमच्यातल्या निम्म्या जणी गुडघ्यांमुळे आता खुर्चीवरच बसतात, तेव्हा त्याचं कुणाला काही वाटलं नाही. खोकं ५ इंच उंच आहे, त्यामुळे खुर्ची फार बुटकी नको, नाहीतर गुडघा छातीशी येतो. टाच कडेवर टेकलेली ठेवायची, ती उचलायची नाही. फक्त पुढचा पाय उचलून सोडायचा. जोर लावायचा नाही, पाय पडू द्यायचा. जोर लावला की नडगी दुखते. सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं पुरे. ज्यांना साखर आहे, तळवे बधिर असतात, त्यांनी फळीवर पातळ रबराचा तुकडा चिकटवावा किंवा मोजे घालून वाजवावं, कारण पायाला लागलेलं त्यांना कळत नाही. आवाज थोडा मऊ येईल, येऊ द्या.

आक्का डाव्या हातात चिपळी घेतात आणि उजवा पाय खोक्यावर. ढोलकीचं जे काम डाव्या पुडीचं, घुमाऱ्याचं, ते पायाकडे दिलं. शाईच्या बाजूचा जो कडक आवाज, तो चिपळीकडे. केरव्याच्या आठ मात्रा धरा. पहिल्या मात्रेला, 'धा'ला, पाय. पाचवीला चिपळी. आठवडाभर एवढंच करा, आणि तोंडाने बोल म्हणत राहा. ते पक्कं झालं की सातव्या मात्रेच्या 'धिं'ला पाय घाला. तो आला की एकदम ढोलकीचा भास होतो, मागे बसलेल्या बाया माना डोलवायला लागतात. दादऱ्याच्या सहा मात्रांत पहिलीला पाय आणि चौथीला चिपळी. चौथीला पाय मारायचा मोह होतो, मारू नका, ती खाली आहे, तिथे घुमारा नको.

पायाची एक खोड आहे, तो पळतो. अभंग रंगला की लय चढते ते वेगळं, ती सगळ्यांनी मिळून चढवलेली असते. पण पाय एकटाच पुढे जातो आणि मग टाळवाल्या त्याच्यामागे धावतात. यावर आक्कांनी उपाय काढला, भिंतीवरचं घड्याळ. टिकटिक होणारं घड्याळ जवळ ठेवून दर टिकेला एक मात्रा धरायची. इतक्या संथ लयीत पाय धरून ठेवायला जमला की चढ्या लयीत आपोआप जमतो. रात्री जेवणं झाल्यावर त्या असा सराव करायच्या. त्यांची सून म्हणायची, आमच्या घरात आता दोन घड्याळं झाली.

माइकबद्दल थोडं. घरात, वाड्यात, लहान देवळात माइक लागत नाही. मोठ्या मंडपात लागतो. भोकासमोर वीतभर अंतरावर माइक ठेवायचा आणि साउंडवाल्याला बारीक आवाज कमी, जाड आवाज जास्त करायला सांगायचं. 'घूं' असा आवाज यायला लागला तर भोकाचं तोंड स्पीकरपासून फिरवा. दुसरी युक्ती भाच्याने केली. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात बझरची पितळी चकती मिळते, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी. तिला पिझो म्हणतात. ती दाबली गेली, थरथरली की तिच्यात बारीकसा करंट तयार होतो. ती वरच्या फळीला आतून चिकटवायची, पण अगदी पायाखाली नाही, थोडी बाजूला. तिच्या दोन वायरी बाजूला बसवलेल्या सॉकेटला जोडायच्या आणि तिथून साउंडच्या मशीनला वायर द्यायची. डाग द्यायचं काम रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडून करून घ्या, दहा मिनिटांचं आहे. मात्र ही चकती लावायची असेल तर खालची फळी चिकटवू नका, नुसत्या स्क्रूने बसवा. उद्या वायर तुटली तर उघडता आलं पाहिजे. आमची चिकटवलेली होती, भाच्याला त्या भोकातून हात घालून चकती लावावी लागली. त्याचा हात बारीक म्हणून जमलं.

पावसाळ्यात या खोक्याची खरी किंमत कळते. श्रावणात ढोलकी कशी होते माहीत आहे. कातडं दमट होऊन उतरतं, ओढा आणि परत ओढा, आणि पुडी फाटली तर भरवायला तालुक्याला जा. लाकडाच्या फळीला ते काही नाही. पण ओल्या जमिनीवर ठेवू नका, प्लाय फुगतो. भिंतीला लावून ठेवलं तर वाळवी लागते, फळीवर किंवा माळ्यावर ठेवा. चुलीजवळही नको.

आता हिशेब. सुतारमामांची मजुरी ४०० रुपये, प्लायचे तुकडे १५०, फेव्हिकॉल ६०, स्क्रू ३०, वॉर्निश आणि पॉलिश पेपर ९०. एकूण ७३० रुपये. बाजूंच्या फळ्या आणि टायरचं रबर घरचंच. चकती, सॉकेट, वायर आणि डाग द्यायचे मिळून १०० रुपये वेगळे. तुमच्याकडे मजुरी कमीजास्त असेल. आम्ही हे पैसे मंडळाच्या मानधनातून घेतले आणि बैठकीत मांडून इतिवृत्तात लिहिले, गटाच्या बचतीला हात लावला नाही.

आणि हो, तुम्ही विचारणारच म्हणून आधीच सांगते. "ताई, याचा उद्योग होईल का?" मला नाही वाटत. निदान आज तरी नाही. भजनी मंडळं गावोगाव आहेत, पण ज्यांच्याकडे ढोलकी किंवा मृदंग वाजवणारी आहे त्यांना हे लागत नाही. एकदा घेतलं की दहा वर्षं जातं, परत गिऱ्हाईक येत नाही. आमच्या मामांनी आणखी दोन केली, एक शाळेच्या बाईंनी मुलांच्या गाण्यांसाठी नेलं आणि एक जत्रेत एकटे गाणी म्हणणारे आजोबा आहेत त्यांनी. तेवढंच. यासाठी कर्जाचा अर्ज करू नका. मागणी आली तर एकेक करा, आगाऊ पैसे घेऊन.

मृदंगाची सर याला येत नाही, हेही सांगून ठेवते. मृदंगाला बोल आहेत, याला एकच अक्षर. हरिपाठाला आणि चालीच्या अभंगांना छान होतं. पण गवळणीत किंवा भारुडात ढोलकी ज्या लाडीगोडीने बोलते ते इथे कुठून आणायचं? तिथे आम्ही अजूनही ढोलकीवाल्याला बोलावतो, तो आला तर. आणि तो आला तरी आक्का आता मागे बसत नाहीत. तो वाजवतो, त्या खाली पायाने धरून ठेवतात, आणि तो पळायला लागला की त्याच्याकडे असं बघतात की तो गप लयीत येतो.

गेल्या एकादशीला कार्यक्रम झाल्यावर मी विचारलं, आता जमलं ना सगळं? तर म्हणाल्या, कुठलं, भोक अजून बोटभर लहान हवं होतं. सुतारमामांना निरोप दिलाय. पुढचं खोकं अडीच इंच भोकाचं करायचं, लांबी एक इंचाने वाढवायची आणि खालची फळी स्क्रूने बसवायची. कुणाला बघायचं असेल तर दर गुरुवारी संध्याकाळी सात वाजता मंडळाचा सराव असतो, समाजमंदिरात. या, आणि अनवाणी या.